चाळीस टक्क्यांचा भाऊ

दोघा भावांची कंपनी विकून टाकायची, हे माझ्या मोठ्या दिरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं ते राजूरहून परत येताना, गाडीत. मोठ्या दिरांना आमच्या घरात सगळेच दादा म्हणत, मीसुद्धा. दर संकष्टीला दोघे भाऊ राजूरच्या गणपतीला जायचे. गाडी दादा चालवायचे आणि हे शेजारी बसून खिडकीतून लोकांची पिकं बघायचे, कुणाची कपाशी पिवळी पडलीय, कुणी पाणी जास्त दिलंय, ते सांगत राहायचे. त्या दिवशी गाडी थांबली तशी आधी हे उतरले. दार उघडंच टाकून आत आले आणि सरळ मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. मागून दादा आले. नारळाचा प्रसाद त्यांनी माझ्या हातात दिला.

"मॅडम, चहा टाका. आज जरा बोलायचंय."

मी जालन्यातल्या एका कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते, म्हणून लग्नापासून दादा मला मॅडमच म्हणत. अर्धी चेष्टा, अर्धा मान. एरवी ते आमच्याकडे आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची ओढून बसायचे. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखे बसले, तेव्हाच मी ओळखलं, गोष्ट साधी नाही.

दोघे मूळचे टेंभुर्णीचे. वडील लवकर गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता आणि दादा त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे. दादांनी जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात नोकरी धरली, धाकट्याला शेतकी कॉलेजात घातलं, आणि तो शिकून आल्यावर नोकरी सोडून स्वतःची बियाण्याची कंपनी काढली. भाड्याची एक शेड, एक जुनी चाळणी मशीन आणि हे दोघे. मिरची, टोमॅटो, काकडी, असं भाजीपाल्याचं संकरित बियाणं. सुरुवातीचा पैसा सगळा दादांचा, त्यामुळे सीएने साठ-चाळीस असे शेअर लिहिले. दादा म्हणाले होते, निम्मेनिम्मे लिहा. यांनीच नको म्हटलं. "तू मोठा हायेस, तुझे जास्त पाहिजेत," एवढाच त्यामागचा विचार.

कामाची वाटणी कुणी कधी केली नाही, ती आपोआप झाली. बँक, डीलर, लायसन, वसुली दादांकडे. गावं यांच्याकडे. जाफराबाद तालुक्यातली, इकडे भोकरदनकडची कितीतरी गावं हे मोटारसायकलवर फिरायचे. शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, आमचं बियाणं तयार व्हायचं. बायका चिमट्याने मादीच्या कळीतले पुंकेसर काढायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग लावायच्या आणि खुणेला दोरा बांधायच्या. फार नाजूक काम. हात जड असेल तर कळीच तुटते. हे त्या बायकांच्या मध्ये उकिडवे बसून स्वतः करून दाखवायचे. घरी आले की शर्टाच्या खिशात दोऱ्याचे तुकडे सापडायचे.

एका वर्षी आमच्याकडूनच गेलेल्या मूळ बियाण्यात भेसळ झाली. शेतकऱ्यांनी सगळं नीट केलं होतं, पण तयार झालेला माल तपासणीत नापास झाला. करारात लिहिलं होतं, नापास मालाचे पैसे मिळणार नाहीत. हे टेंभुर्णीहून परत आले आणि दादांना सगळं सांगितलं. दादांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"आपली."

"बराबर बघितलं का?"

"बराबर बघितलं."

"मंग काय विचारून राह्यला? देऊन टाक सगळ्यांचे. खर्चा आपल्या अंगावर."

त्यावर्षी दोन्ही घरांत दिवाळीला नवे कपडे झाले नाहीत. पण पुढच्या हंगामात प्लॉट, म्हणजे आमचं बियाणं तयार करायचं काम, मागायला शेडच्या बाहेर एवढे लोक उभे राहिले की दादांनी चहावाल्याला किटली तिथेच ठेवून जायला सांगितलं. असे हे दोघे भाऊ होते. पुढचं सगळं सांगण्याआधी हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण नंतर लोकांनी दादांना स्वार्थी म्हटलं आणि यांना हेकट. दोघेही तसे नव्हते.

तर दादा बाहेरच्या खोलीत बसले. हे समोर टॉवेलने तोंड पुसत उभे.

"मी थकलोय रे," दादा म्हणाले. "छाती चिरून आलोय. डॉक्टर म्हणतो दगदग नको. आता किती दिवस ओढू?"

"मंग मी ओढतो ना. मी काय मेलो का?"

"असं बोलू नको. तुला माणसं सांभाळता येतात. बँक, डीलर, कोर्टकचेरी, हे तुझ्यानं न्हाई व्हायचं. आणि आपल्यामागं कोण हाय? मला मूलबाळ न्हाई. तुझी पोरगी डॉक्टर होऊन राह्यली, ती काय मिरच्या बघणार? मोठा उद्योगसमूह हाय, भाव चांगला देऊन राह्यले. दोघं मिळून विकू. टेंभुर्णीला जाऊ, विहिरीवर दोन खोल्या बांधू."

"तू जा. मी न्हाई विकणार."

"हट्ट नको करू."

"ज्या बायकांनी माझ्या शब्दावर कळ्या खुडल्या त्यांना काय सांगू? विकलं म्हणून?"

दादांनी कपाला हात लावला नव्हता. चहावर साय धरली. मग ते म्हणाले, "मला झेपत न्हाई रे बाबा. तू न्हाई म्हणतोस तर मी माझाच विकतो."

"वीक," हे म्हणाले आणि आत निघून गेले.

दादा उठले. दारात चपला घालताना त्यांना खाली वाकणं जड जात होतं. मी पुढे झाले तर हातानेच नको म्हणाले.

रीतीप्रमाणे दादांनी आपले शेअर आधी यांनाच देऊ केले. कंपनीच्या नियमांत तसं होतं, भावाचा हक्क पहिला. पण बाहेरचा समूह देत होता तो भाव आमच्यासारख्यांनी कुठून आणायचा? मुदत संपली, व्यवहार झाला. सह्यांच्या दिवशी हे शेडमध्ये गेलेच नाहीत. चाळणीवरच्या एका म्हाताऱ्या कामगाराने दुपारी फोन करून सांगितलं, "भाऊ, झालं."

त्या संध्याकाळी यांनी मला विचारलं, "आता माझं काय राह्यलं? सरळ सांग."

मी सरळ सांगितलं. चाळीस टक्के मालकी राहिली. नफा वाटला तर त्यातले चाळीस टक्के तुमचे. पण कुठलं बियाणं काढायचं, कुठल्या गावात प्लॉट द्यायचा, कुणाला कामावर ठेवायचं, यात तुमचं चालणार नाही. साठवाले ठरवतील.

"संचालक म्हणून खुर्ची तर हाय ना?"

"खुर्ची आहे."

वर्गात मी हे किती वेळा सांगितलं असेल. ज्याच्याकडे ताबा ती सूत्रधारी कंपनी, जिच्यावर ताबा ती उपकंपनी, आणि उपकंपनीतला जो वाटा सूत्रधाराकडे नाही तो नियंत्रण नसलेल्यांचा हिस्सा. आम्ही शिकत होतो तेव्हा त्याला अल्पमताचा हिस्सा म्हणत, पुढे नाव बदललं. मुलं वहीत लिहून घेतात, परीक्षेत सोडवतात. त्या वाट्यामागे कुणी माणूस असतो आणि तो घरी येऊन जेवायला बसतो, हा विचार माझ्याही मनात आधी कधी आला नव्हता.

पहिल्या बैठकीला हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. नवी माणसं अदबीने वागली, सर सर म्हणाली. यांनी मिरचीच्या प्लॉटबद्दल आपलं म्हणणं मांडलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि मतं घेतली तेव्हा विरोधात हे एकटे होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "कुणी वाईट न्हाई बोललं. वाईट बोलले असते तर भांडता आलं असतं."

वर्षभराने त्या समूहाचा वार्षिक अहवाल आला. त्यांच्या वेबसाइटवर तो कुणालाही बघता येत होता. रविवारची सकाळ होती, मी भाजी निवडत होते. यांनी लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. एकत्रित ताळेबंद उघडलेला होता, म्हणजे समूहाच्या सगळ्या कंपन्या मिळून एकच असल्यासारखा केलेला हिशोब. त्यातल्या एका ओळीवर यांनी बोट ठेवलं.

"हा मी का?"

ती नियंत्रण नसलेल्यांच्या हिश्शाची ओळ होती. "हो," मी म्हटलं, "तुम्ही, आणि त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांतले तुमच्यासारखे लोक. सगळे एकत्र."

"नाव न्हाई?"

"नाव नसतं."

मग त्यांचं बोट वर सरकलं. गुडविल. त्याच्या टिपेत आमच्या कंपनीचं नाव होतं. "आणि हे कसं काढलं? मला समजंल असं सांग. पोरांना सांगतेस तसं."

मी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि रद्दी पेपरच्या कडेला पेनाने मांडून दाखवलं. कोटींचे आकडे सोडून दिले, शंभर धरले.

"समजा आपल्या कंपनीची जमीन, मशिनी, माल, येणी, सगळं आजच्या भावाने मोजलं, देणी वजा केली, आणि शंभर उरले. त्यातले साठ दादांच्या वाट्याचे. पण समूहाने दादांना साठ दिले नाहीत, नव्वद दिले."

"तीस जास्त. कशाचे?"

"तेच गुडविल. पुस्तकात मराठीत ख्याती म्हणतात. नाव, डीलरांची पत, शेतकऱ्यांचा भरवसा. जे मोजता येत नाही, पण ज्याच्यासाठी माणूस जास्त पैसे देतो ते. आता रीत अशी, त्यांनी दिलेले नव्वद घ्यायचे, त्यात तुमचा वाटा मिळवायचा आणि बेरजेतून शंभर वजा करायचे."

"माझा वाटा कशाला मिळवायचा? मला तर त्यांनी काहीच दिलं न्हाई."

"त्यांनी साठ टक्केच घेतले, तरी ताबा पूर्ण त्यांचा. म्हणून ताळेबंदात ते आपली कंपनी शंभरच्या शंभर दाखवतात. मग त्यातलं जे त्यांचं नाही ते तुमच्या ओळीत वेगळं दाखवावं लागतं. तुमचा वाटा, शंभराचे चाळीस टक्के, म्हणजे चाळीस. नव्वद आणि चाळीस, एकशे तीस. त्यातून शंभर गेले. गुडविल तीस."

यांनी आकडे बघितले. शेतात पीक बघताना बघायचे तसे, डोळे बारीक करून. "बराबर हाय. पण हे तीस तर दादालाच जे जास्तीचे मिळाले ते. माझ्या चाळीसमध्ये गुडविल कुठं हाय?"

हा प्रश्न वर्गातला एखादाच मुलगा विचारतो, आणि त्यानं विचारला की मला आनंद होतो. त्या दिवशी मला वाटलं, यांनी तो विचारला नसता तर बरं झालं असतं.

"यात नाही," मी म्हटलं. "दुसरी एक पद्धत आहे. तीत तुमचा वाटा नुसता चाळीस टक्के धरत नाहीत, तुमच्या शेअरचा बाजारात काय भाव येईल ते बघतात. समजा पन्नास आला. मग नव्वद आणि पन्नास, एकशे चाळीस, वजा शंभर, गुडविल चाळीस. त्यातलं दहा तुमचं. दोन्ही पद्धती चालतात, निवड त्यांची. त्यांनी पहिली घेतली."

"पन्नास का? दादाला साठाचे नव्वद, तर मला चाळीसचे साठ पाहिजेत. एकच कंपनी हाय ना?"

"दादांच्या वाट्याबरोबर ताबा मिळत होता. त्यासाठी माणूस जास्त देतो. तुमच्या वाट्याबरोबर तो मिळत नाही, म्हणून भाव कमी."

पेपरची कडा यांनी दोन बोटांत धरली होती, ती हळूहळू चुरगळली. मग म्हणाले, "गावागावात मी फिरलो. दादाला जाफराबादचा रस्ता पण बराबर माहीत नव्हता."

मी म्हटलं, "ही हिशोबाची रीत आहे हो. कुणी काय केलं ते यात येत नाही."

"तेच म्हणून राह्यलो मी," ते म्हणाले आणि उठून गेले. मी भाजी पुढे ओढली, पण निवडलेली कुठली आणि राहिलेली कुठली ते मला कळेना.

पुढच्या हंगामात नव्या लोकांनी जाफराबाद तालुक्यातले प्लॉट बंद केले. त्यांची दुसऱ्या राज्यात मोठी शेती होती, तिथे बियाणं स्वस्त पडत होतं. हिशोबाने त्यांचं बरोबरच असेल. शेतकऱ्यांना कंपनीकडून मोबाइलवर निरोप जाणार होता. यांनी मागणी केली की मला आधी चार दिवस द्या, मी स्वतः जाऊन सांगतो. तेवढं मात्र त्यांनी मान्य केलं.

एक दिवस मी बरोबर गेले होते. टेंभुर्णीच्या पुढे एक बाई होती, नवऱ्यामागे शेडनेट तीच सांभाळायची. यांच्या हाताखाली कळ्या खुडायला शिकलेल्या पहिल्या बायकांपैकी एक. तिनं आम्हाला शेडनेटच्या दारात घोंगडी टाकून बसवलं. यांनी सांगितलं. ती ऐकत राहिली.

"तुम्हीच मालक ना भाऊ?" तिनं विचारलं.

"हाय."

"मंग तुम्ही न्हाई म्हणा की."

"मी न्हाई म्हणालो. माझं चालत न्हाई."

तिला ते समजलं नाही. मालक आहे, आणि त्याचं चालत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, मी तरी सांगेन म्हणून. मी मान खाली घातली. ती उठली, आतून ताकाचे दोन तांबे घेऊन आली आणि म्हणाली, "दादांना सांगा एक डाव. दादा करतील काही." गावाला दादांनी विकल्याचं अजून पुरतं माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं ताक सगळं प्यायलं, तांब्या खाली ठेवला, आणि "सांगतो" म्हणाला.

पण दादांशी हे बोलत नव्हते. भांडण नाही, शिवीगाळ नाही. दादांचा फोन आला की हे मोबाइल माझ्याकडे द्यायचे. मी बोलायचे. "कसा हाय तो?" दादा विचारायचे. मी सांगायचे, बरे आहेत. "जेवतो का?" जेवतात. संकष्टीला दादा एकटेच राजूरला जात राहिले. जातानाची त्यांची गाडी आमच्या गल्लीवरून सावकाश जायची. हे ओसरीत असले तर आत यायचे. मोठ्या जाऊबाई दोन-तीनदा येऊन रडून गेल्या. मी यांना समजावलं, रागावले, एकदा जेवणही सोडलं. हे म्हणायचे, "मला त्याचा राग न्हाई. मला त्याच्यासमोर उभं राहता येत न्हाई. काय बोलू? कंपनी कशी चाललीय ते सांगू?"

त्यानंतरच्या अहवालात समूहाने आमच्या कंपनीवरचं गुडविल कमी केलं. असं दरवर्षी तपासावं लागतं. ज्या नावासाठी जास्त पैसे दिले ते नाव अजून तेवढं कमावतंय का ते बघायचं, आणि कमावत नसेल तर फरक तोटा म्हणून सोसायचा. मी यांना सांगितलं, कारण ते अहवाल बघणारच होते. म्हटलं, गुडविल फक्त त्यांच्याच वाट्याचं धरलं होतं, त्यामुळे तो तोटाही सगळा त्यांचा. तुमच्या ओळीला झळ नाही.

"झळ न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी चुकीचं काही बोलले नव्हते. तरी ती जीभ आवरली असती तर बरं, असं अजून वाटतं.

मग एके दिवशी दुपारी जाऊबाईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. दादा अंघोळ करून येताना पडले, उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना संभाजीनगरला हलवत होते. मी कॉलेजात होते. यांना फोन केला तर हे तोपर्यंत निघालेही होते. शेडमधल्या कुणीतरी कळवलं होतं. गाडी न घेता, मिळेल त्या जीपमध्ये बसून निघाले होते.

मी पोचले तेव्हा हे दादांच्या खाटेजवळ उभे होते. दादांचे डोळे उघडे होते आणि यांच्याकडेच होते. तोंड वाकडं झालेलं, त्यातून आवाज येत होता पण शब्द होत नव्हता. डावा हात उचलून ते काहीतरी दाखवत होते. हे वाकून म्हणत होते, "काय पाहिजे? पाणी? उशी वर घेऊ?" दादा मान हलवायचे, नाही. पुन्हा हात. पुन्हा तो आवाज. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी दादांनी हात खाली टाकला आणि डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं.

त्यांना काय सांगायचं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. यांनी नंतर फार विचार केला. त्यांना वाटायचं, दादा विचारत होते, जेवलास का. जाऊबाईंना वाटायचं, ते विहिरीवरच्या खोल्यांबद्दल होतं. मला काहीच वाटत नाही. मला फक्त तो हात दिसतो.

दादांना घरी आणलं. हे रोज सकाळी जायचे. दाढी करून द्यायचे, पेज भरवायचे, पाठ पुसायचे. भरवताना बोलत असायचे. टेंभुर्णीला कुणाची विहीर आटली, कुणाच्या मिरचीवर बोकड्या रोग आला, त्या बाईनं शेडनेटमध्ये आता काकडी लावलीय. जे दोन-अडीच वर्षांत बोलले नव्हते ते सगळं. दादा बघत राहायचे. एक दिवस मी डबा घेऊन गेले तर हे त्यांना सांगत होते, "दादा, मी पण विकायला पाहिजे होतं तुझ्यासोबत. मला कळलं न्हाई. तू थकला म्हणालास, ते मला ऐकूच आलं न्हाई बघ. मला फक्त विकायचं ऐकू आलं." दादांनी डाव्या हातानं यांचं मनगट चाचपलं आणि धरलं. मी डबा उंबऱ्याशी ठेवून परत फिरले.

पावसाळा सरत आला आणि दादा गेले. सकाळी पेज भरवायला हे गेले तेव्हा जाऊबाई दारातच बसल्या होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी समूहाचा माणूस आमच्याकडे आला. उरलेला चाळीस टक्के वाटा ते घ्यायला तयार होते. भाव दादांना दिला त्याच्या जवळपासही नव्हता. हे म्हणाले, "देऊन टाकू." मी म्हटलं, घासाघीस तरी करा. म्हणाले, "कशासाठी?"

सह्या करून परतताना यांनी विचारलं, "आता तरी धरतील का माझं गुडविल?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या वर्षांत यांनी मला हिशोबातलं खोटं कधी मागितलं नव्हतं. म्हटलं, "नाही. ताबा आधीच त्यांच्याकडे आहे. ताबा आल्यानंतर जो वाटा घेतात त्यावर नवं गुडविल निघत नाही. कमीजास्त काय झालं ते त्यांच्या भांडवलातच जिरवतात."

हे मान हलवत राहिले. मोंढा बाजाराच्या कोपऱ्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. मग म्हणाले, "तेव्हाच दोघांनी विकलं असतं ना, तर अडीच वर्षं तो माझ्यासोबत टेंभुर्णीला राह्यला असता. तेवढीच होती त्याच्याजवळ." मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. मी गाडी सुरू केली.

दादांचं वर्षश्राद्ध आम्ही टेंभुर्णीला केलं. जाऊबाई आता आमच्याबरोबर असतात, त्यांच्या इच्छेनं. जेवायला गावातले लोक आले, जाफराबादकडचे जुने शेतकरी आले. ताक देणारी बाई आली आणि कुणी न सांगता पोळ्या लाटायला बसली. विदर्भाकडून एक म्हातारे डीलर आले होते, आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुठून तरी कळलं म्हणून बस बदलत बदलत आले होते. हे पंगतीत वाढत होते. डीलरनी यांचा हात धरून विचारलं, "तुम्ही धाकटे का?"

"हो."

"तुम्हाला बघायचं होतं एकदा. दादांशी कधी दरावरून वाद घातला तर ते बिलकुल ऐकायचे नाहीत. म्हणायचे, माल माझ्या भावाचा आहे, त्यात कमी करायचा अधिकार मला नाही. मी नुसता पोचवतो."

यांच्या हातात वरणाची बादली होती. ती त्यांनी पुढच्या माणसाकडे दिली, कुणाकडे दिली ते बघितलंही नाही, आणि मागच्या अंगणात नळावर गेले. मी दारापर्यंत गेले. हे पाठमोरे हात धूत होते. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पाणी चालू होतं. पंगतीतून कुणीतरी वरण मागत होतं. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तो घेऊन पुढे जावं असं वाटलं, पण मी गेले नाही, तिथेच उभी राहिले.